दुसरी खोली

हल्ली लक्ष लागत नाही, असं कुणापाशी बोलून बघा. सल्ला ठरलेला असतो: "फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि बस कामाला." सांगणाऱ्याचं घर निदान टू बीएचके असणार, हे मी डोळे मिटून सांगते. भांडुपच्या आमच्या वन रूम किचनमध्ये दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर. तिथे ओट्यावर फोन ठेवला तर तो स्टीलच्या डब्याला टेकून असा काही थरथरतो, की त्यापेक्षा टेबलावर होता तो बरा.

या सल्ल्यामागे एक प्रयोग आहे. 2017 मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या एड्रियन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी काही जणांचे फोन टेबलावर उलटे ठेवायला लावले, काहींचे खिशात किंवा पर्समध्ये, काहींचे दुसऱ्या खोलीत. सगळे फोन गप्प केलेले. मग सगळ्यांना आकडेमोड आणि स्मरणशक्तीची कामं दिली. फोन दुसऱ्या खोलीत होता त्यांना ती सगळ्यात चांगली जमली, टेबलावर होता त्यांना सगळ्यात कमी. पुढे इतर संशोधकांनी असेच प्रयोग केले तेव्हा काहींना हा फरक दिसला नाही, त्यामुळे मी काही ते वेदवाक्य धरत नाही. मला त्यात अडकायला झालं ते वेगळ्याच कारणाने. या लोकांकडे दुसरी खोली होती!

माझं काम मुद्रितशोधनाचं. छापायला जायच्या आधी मजकूर वाचायचा आणि चुका काढायच्या. या धंद्यात एकाग्रता हा साधनेचा वगैरे विषय नसतो. पानामागे पैसे मिळतात. लक्ष उडालं की पान पुन्हा वाचावं लागतं आणि दुसऱ्या वाचनाचे पैसे कुणी देत नाही. त्यामुळे शिबिरांत डोळे मिटून बसणारे ज्या भक्तिभावाने या विषयाकडे बघतात, तसं मला बघता येत नाही. आणि व्यवहाराने बघितलं तर एक गोष्ट लगेच दिसते: या शहरात एकाग्रतेचा आणि शांततेचा फारसा संबंध कधी नव्हताच.

वरळीला पोदार हॉस्पिटलजवळ सुदामकाळू अहिरे मार्ग आहे. त्या नावाने विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. अभ्यास गल्ली म्हणा, कुणीही दाखवेल. जवळच्या बीडीडी चाळींतल्या, म्हणजे जुन्या सरकारी चाळींतल्या, खोल्या 160 चौरस फुटांच्या. त्यात आजी, आजोबा, आईवडील, भावंडं, गावाहून आलेला पाहुणा आणि टीव्ही. मग मुलं पुस्तकं काखेत मारून गल्लीत यायची आणि रस्त्याच्या दिव्याखाली बसायची. त्यांच्या आधी त्यांचे काका-मामाही तिथेच बसलेले. दहावी, बारावी, स्पर्धा परीक्षा, सगळं त्या फुटपाथवर. काही जण येरझाऱ्या घालत पाठ करतात, ओठ हलत असतात, मधूनच एखादी स्कूटर जाते आणि कुणी मान वर करत नाही.

आता म्हणाल, गल्ली शांत असेल. शांत कसली, घरापेक्षा बरी एवढंच. माझ्या मते तिथे दोन गोष्टी होत्या. शेजारचा वाचत असला की आपल्याला उठायची लाज वाटते, ही एक. आणि दुसरी जास्त महत्त्वाची: तिथला कुठलाच आवाज त्या मुलासाठी नव्हता. घरात आई "अरे, जरा कोथिंबीर आण" म्हणते तेव्हा तो आवाज त्याला उद्देशून असतो. स्कूटर त्याच्याकडून काही मागत नाही. मुंबईकर वर्षानुवर्षं ज्या गोंगाटात वाचत, झोपत, हिशेब करत आला, तो असा बिननावाचा गोंगाट होता. विरार लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने पेपरची चौपदरी घडी वाचणारा माणूस काही योगी नव्हता. त्याच्याभोवतीची शंभर माणसं त्याच्याशी बोलत नव्हती, बस्स. (लोकलमधली भजनं मात्र मी यात धरत नाही. भजनाच्या डब्यात कुणी वाचून दाखवावं.)

मी कामाला लागले ती गिरगावातल्या एका वाडीतल्या छापखान्यात, खिळ्यांचे, म्हणजे शिशाची अक्षरं जुळवून छापायचे दिवस संपत आले होते तेव्हा. खाली ट्रेडल मशीन चालायचं, वर पोटमाळ्यावर आमचं टेबल. मशीनच्या प्रत्येक ठोक्याला चहाचा कप बशीत हलायचा. तिथे मूळ प्रत मी मोठ्याने वाचायची आणि आमचे हेडरीडर, म्हणजे मुख्य मुद्रितशोधक, काका गॅलीवर, म्हणजे तपासायला काढलेल्या कच्च्या छपाईच्या लांब कागदावर, पेन्सिल धरून बसायचे. मोठ्याने म्हणजे सगळंच मोठ्याने. "अवतरण सुरू, अहो, स्वल्प, फुलं कुठे ठेवू, फु ऱ्हस्व, लं वर अनुस्वार, प्रश्न, अवतरण बंद, नवा पॅरा." पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, कुणी ऐकलं तर वेडी म्हणेल. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 1962 चे 14 आणि नंतर 1972 मध्ये आलेले 4 नियम काकांना तोंडपाठ. पण त्यांचा भरवसा नियमांपेक्षा कानावर जास्त. डोळा फसवतो, असं ते म्हणायचे, आणि ते खरंच आहे. वाचताना नजर ओळीवरून सरळ सरकत नाही, उड्या मारत जाते. दोन उड्यांच्या मधे सेकंदाचा पाव भाग टेकते, लहान शब्द तर बऱ्याचदा गाळूनच पुढे जाते, आणि राहिलेलं मेंदू सवयीने भरून काढतो. 'महाराष्ट्र दीन' असं छापलेलं तुम्ही 'दिन' म्हणूनच वाचता. दुसरं माणूस मोठ्याने वाचत असलं की ही भर घालायला मेंदूला सवड मिळत नाही.

थोडा वेळ गेला की काका पेन्सिल खाली ठेवायचे. "चल मुली, आता तू धर, मी वाचतो." मी थकले म्हणून नाही, त्यांचाच डोळा सुस्तावला म्हणून. त्यात त्यांना कमीपणा वाटल्याचं मी कधी पाहिलं नाही.

पुढे कधीतरी मॅकवर्थच्या घड्याळाबद्दल वाचलं आणि मला काका आठवले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची माणसं रडारच्या पडद्यापुढे बसायची आणि काही वेळाने समोर उमटलेला ठिपकाही त्यांच्या नजरेतून सुटायचा. ही चांगली शिकलेली, जिवावर उदार झालेली माणसं. नॉर्मन मॅकवर्थने केंब्रिजमध्ये त्यावर एक साधी तबकडी बनवली. काटा ठरावीक अंतराने एकेक पाऊल पुढे सरकतो, क्वचित एकदम दोन पावलं उडी घेतो. उडी दिसली की कळ दाबायची. पहिला अर्धा तास सरला की उड्या निसटायला लागल्या. हे प्रसिद्ध झालं 1948 मध्ये. तेव्हा फोन भिंतीला असायचे आणि तेही मोजक्या घरांत.

म्हणूनच ती गोल्डफिशची गोष्ट ऐकली की माझं डोकं फिरतं. माणसाचं लक्ष बारा सेकंदांवरून आठवर आलं, माशाचं नऊ, म्हणजे आपण माशाच्याही खाली गेलो! 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या शाखेच्या एका अहवालात हे आकडे होते, आणि तेव्हापासून प्रत्येक व्याख्यानमालेत ते ऐकायला मिळतात. त्या आकड्यांचं मूळ शोधत गेलेल्यांना खाली संशोधन असं काही सापडलं नाही. माशाचं लक्ष मोजलेलं नाही आणि माणसाचंही नाही. शिवाय आठ सेकंदांच्या वर ज्याचं लक्ष टिकत नाही, तो रात्री दोनपर्यंत वेब सिरीजचे सहा भाग कसे बघतो, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. लक्ष आटलेलं नाही. ते दुसरीकडे लागलेलं आहे, आणि तिथे ते लागावं म्हणून हुशार माणसांनी पगार घेऊन मेहनत केलेली आहे.

मोजमाप हवं तर ग्लोरिया मार्क यांचं घ्यावं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन इथल्या या प्राध्यापक लोकांच्या मागे बसून, पुढे संगणकावरच्या नोंदींवरून, माणूस पडद्यावरच्या एका गोष्टीवर किती वेळ टिकतो हे मोजत आल्या आहेत. 2004 च्या सुमाराला सरासरी अडीच मिनिटं होती. 2012 मध्ये 75 सेकंद. अलीकडच्या वर्षांत 47 सेकंदांच्या आसपास. यात माझ्या धंद्याला झोंबणारी गोष्ट निराळीच आहे: जवळपास निम्म्या वेळा माणसाला कुणी हाक मारलेली नसते. तो स्वतःच उठून जातो.

हे मी रोज बघते, माझ्याच टेबलावर. लॅपटॉपवर कवितासंग्रहाची पीडीएफ उघडलेली. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड या आताच्या सर्वमान्य पद्धतीत आणताना अर्धे र कुठेकुठे सांडलेले, ते वेचायचे काम. तेवढ्यात सोसायटीचा ग्रुप: टाकी साफ करणार, दुपारी पाणी नाही. हे वाचल्यावाचून गत्यंतर नाही, उठून बादल्या भरायला हव्यात. मग कुरिअरवाला: "मॅडम, गेटवर आहे, ओटीपी सांगा." मग सिलिंडरवाला, त्याचा निराळा कोड. मग ज्याचं काम करते आहे तो स्वतः: "झालं का?" त्याला "अजून नाही" असं कळवायला लागतात दहा सेकंद. पण परत येऊन बोट त्याच ओळीवर ठेवलं तरी मन अजून "झालं का"पाशीच घुटमळत असतं. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी 2009 मध्ये याच गोष्टीवर लिहिलं आहे. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्यापाशीच राहतो, आणि दुसरं काम उरलेल्या लक्षावर चालतं. मी कविता उरलेल्या लक्षावर वाचत असते. कवीला हे सांगू नका.

आणि मग दुपारी तीनच्या सुमाराला सगळे ग्रुप गप्प होतात, कुणी काही मागत नाही, आणि हात आपणहून फोनकडे जातो. काय बघायचं आहे? काहीच नाही. कबुतराला दाणा कधी मिळेल हे ठरलेलं नसलं की ते चोच मारायचं थांबतच नाही, असं स्किनर या मानसशास्त्रज्ञाने पेटीतल्या पक्ष्यांवर दाखवून झाल्याला कितीतरी वर्षं झाली. फोनमध्येही कधी भाचीचा फोटो सापडतो, कधी नुसती सुप्रभातची फुलं. काय निघेल ते माहीत नसतं, म्हणून तर उघडायचं.

पानाला शेवट असतो, ही गोष्ट छापखान्यात इतकी गृहीत होती की तिचं काही कौतुक असेल असं वाटलं नव्हतं. गॅली संपायची, फर्मा (एकत्र छापायच्या पानांचा गठ्ठा) संपायचा, सोळा पानं झाली की खालून पोऱ्या यायचा. प्रत्येक शेवटाला माणूस मान वर करतो आणि विचारतो, आता पुढे काय? 2006 च्या सुमाराला अझा रास्किन नावाच्या तरुणाने न संपणाऱ्या पानाची रचना केली. तळाशी पोहोचायच्या आत पुढचा मजकूर येऊन बसतो. पुढे त्याने त्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. आपल्याकडे सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि डेटा पाण्याच्या भावात मिळू लागला. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, महिन्याभरात इन्स्टाग्रामवर रील्स आल्या, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची सुरुवात भारतातूनच केली. टाळेबंदीत घरात कोंडलेल्या लोकांच्या हातात बरोबर तेव्हाच न संपणारं पान पडलं. यात इच्छाशक्ती कमी पडली म्हणून स्वतःला कोसणाऱ्यांची मला दया येते. समोर कोण उभं आहे ते तरी बघा.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. त्याच फोनवर अभ्यास गल्लीतला मुलगा पुण्या-दिल्लीच्या शिक्षकांची व्याख्यानं फुकट ऐकतो. त्याच्या मामाला ती मिळाली नव्हती. अभ्यासिकेत जागा बघताना आता मुलं दिव्याइतकंच चार्जिंगचं पॉइंट कुठे आहे ते बघतात. 'मोबाइल बंद ठेवा' अशी पाटी लावणाऱ्याला हे कोण सांगणार, की पुस्तक त्या मोबाइलमध्येच आहे? दिवा आणि मोहाची पेटी एकच झाली, ही खरी अडचण आहे. मामाच्या पुस्तकातून कधी मित्राची हाक आली नव्हती.

मुंबईत लक्षावर खरोखर जीव टांगलेला असतो तो लोकलच्या पुढच्या केबिनमध्ये. बारा किंवा पंधरा डबे, दाराला लटकलेली माणसं आणि पुढे एकटा मोटरमन. मला त्याच्याबद्दल नेहमी कुतूहल वाटतं, कारण त्याचं आणि माझं काम एकाच जातीचं आहे. तासन्‌तास काही घडत नाही आणि घडतं ते एका क्षणात. तर रेल्वे काय म्हणते त्याला? मन खंबीर कर, ध्यान कर, असं म्हणत नाही. गाडी चालवताना मोबाइल बंद. हँडलवरचा दाब सुटला तर गाडी आपोआप थांबते, म्हणून त्याला डेड मॅन्स हँडल म्हणतात. सिग्नलकडे दुर्लक्ष झालं तर ब्रेक लागावेत म्हणून ऑक्झिलिअरी वॉर्निंग सिस्टिम. मागच्या टोकाला गार्ड, तो दोन घंटा देतो, मोटरमन दोन घंटा उलट देतो, मग गाडी हलते. लांब पल्ल्याच्या गाड्यांत तर लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात, अगदी आमच्या "स्वल्प, पूर्ण"सारखं. माणसाचं लक्ष उडणार हे रेल्वेने धरूनच ठेवलं आहे आणि त्याभोवती सगळा बंदोबस्त केला आहे.

आम्हाला मात्र उलटं शिकवलं गेलं. डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आलं तसा मोठ्याने वाचणारा माणूस हा फालतू खर्च ठरला. एकाच्या पगारात एकच डोळा. मग ऑफिसं गेली, काम घरी आलं, आणि घरी आलेल्या कामाबरोबर चोवीस तास उत्तर द्यायची बांधिलकीही आली. आता तोच माणूस, जो दोन मिनिटांत निळ्या खुणा दिसल्या नाहीत तर फोन करतो, पुस्तकात चूक सापडली की म्हणतो, "तुमचं लक्ष कुठे असतं हो?" बाबा रे, तुझ्याकडेच होतं ना! हर्बर्ट सायमन या अर्थतज्ज्ञाने 1971 मध्येच लिहून ठेवलं आहे की माहिती लक्ष खाते, त्यामुळे माहितीची रेलचेल झाली की लक्षाचा दुष्काळ पडतो. दुष्काळात पाणी वाटायची काहीतरी पद्धत ठरवावी लागते. आपण प्रत्येकाला आपापली विहीर खण म्हणून सांगून मोकळे झालो.

एकट्याने धरून ठेवायची ही गोष्ट नव्हे, अशा निष्कर्षाला मी आले आहे. गल्लीतल्या मुलाला शेजारचा मुलगा होता, मोटरमनला गार्ड आहे, मला काका होते. स्क्रीन टाइमची ॲप्स, करडा केलेला पडदा, अलार्म लावून पंचवीस-पंचवीस मिनिटांचे तुकडे, हे सगळं मी करून पाहिलं आहे. वाईट नाही. पण त्यात पहारेकरीही मीच आणि चोरही मीच.

सध्या मी आणि डोंबिवलीची एक मैत्रीण, तीही याच कामातली, मोठी पुस्तकं वाटून घेतो. वाटून म्हणजे अर्धी-अर्धी नाही. साधा फोन लावायचा, स्पीकरवर ठेवायचा, आणि एकीने मूळ प्रत वाचायची, दुसरीने प्रूफ बघायचं. फोन या कामात गुंतलेला असल्यामुळे हातात घेऊन चाळता येत नाही, हा आयता फायदा. तिच्याकडे कुकरच्या शिट्ट्या होतात, माझ्याकडे खाली भंगारवाला ओरडतो, काही बिघडत नाही. "थांब गं, सिलिंडरवाला आलाय," असं ती म्हणाली की मी ओळीवर बोट ठेवून थांबते, आणि ती परत आली की शेवटचं वाक्य पुन्हा वाचून घेतो. काही वेळाने कुणीतरी म्हणतंच, "आता तू धर."

एका प्रकाशकाला आम्ही सांगितलं की मोठ्या पुस्तकाला आता दोघी लागतील आणि दर दीडपट होईल. त्याने विचारलं, मग सॉफ्टवेअरनेच का तपासून घेऊ नये? म्हटलं, जरूर घ्या, आणि त्यानंतर आमच्याकडे पाठवा. सव्वापटीवर घासाघीस चालू आहे. मैत्रीण म्हणते, घे मान्य करून. मी म्हणते, थांब, दिवाळी अंकांची कामं तोंडावर आली की तोच फोन करेल.